नक्षी आहे ना अजून?

"तू मेकॅनिकलला आहेस ना? मग तूच सांग कुठले टायर घ्यायचे."

बाबांनी एवढंच म्हटलं आणि माझी पाचावर धारण बसली. थिअरी ऑफ मशिन्स झालंय, फ्लुइड मेकॅनिक्स (दुसऱ्या अटेम्प्टला का होईना) सुटलंय, पण टायरच्या अंगावर काय लिहिलेलं असतं ते वीस वर्षांत एकदाही वाकून वाचलं नव्हतं. तुम्ही वाचलंय? खरं सांगा.

हा प्रश्न निघाला त्याचं कारण फार चांगलं नव्हतं. आम्ही चिपळूणचे. आजीला दर पंधरा दिवसांनी कराडला दाखवायला न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. गाडी स्कॉर्पिओ, २०१५ ची, आम्ही २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेली. २०२५ च्या जुलैमध्ये घाटात एका वळणावर समोर अचानक म्हशी आल्या. बाबांनी ब्रेक मारला. वेग असेल चाळीस. गाडी थांबायच्या ऐवजी शांतपणे घसरत गेली आणि डावीकडचं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन टेकलं. डोंगराच्या बाजूच्या! दुसऱ्या बाजूला काय असतं ते घाट उतरलेल्यांना सांगायला नको. आजी मागे बसलेली, तिने फक्त विचारलं, "आलं का कराड?"

घरी आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "पण टायरला नक्षी आहे ना अजून!" आणि ती होतीच. गाडी सेहेचाळीस हजार किलोमीटरच चाललेली, विकणाऱ्याने तेच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. आमचे टायर त्याच्या बरेच वर होते. मग घसरलो का?

टॉर्च घेऊन टायरशेजारी बसले. 'डीओटी' अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. आमच्या टायरवर होते ३११५. म्हणजे २०१५ सालचा एकतिसावा आठवडा. टायर दहा वर्षांचे झालेले! रबर नुसतं पडून राहिलं तरी हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने आणि उन्हाने कडक होत जातं. नक्षी शाबूत राहते, पकड जाते. बाजूच्या भिंतीवर बारीक बारीक भेगाही दिसल्या, भेगाळलेल्या टाचांसारख्या. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी तो कितीही चांगला दिसला तरी काढा. 'कमी चाललेली गाडी' हा जो आपल्याकडे गुण समजतात ना, तो टायरच्या बाबतीत चक्क अवगुण ठरू शकतो.

आता नवे घ्यायचे म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. एक बाबांचा, "दोनच बदलू, बाकीचे पुढच्या वर्षी." दुसरा माझ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा. त्याला हवे होते रुंद, खडबडीत, अंगावर पांढरी अक्षरं असलेले ऑल टेरेन टायर. "एसयूव्ही आहे, एसयूव्हीसारखी दिसायला नको?"

माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या शंभरातल्या बहुतेक एसयूव्ही आयुष्यात डांबर सोडत नाहीत. सोडलंच तर लग्नाच्या हॉलमागच्या पार्किंगमध्ये. ऑल टेरेन टायरची नक्षी मोठमोठ्या ठोकळ्यांची असते, मधे रुंद मोकळ्या जागा. खडीवर आणि मातीत त्याचा खरोखर उपयोग होतो. पण डांबरावर तेच ठोकळे आवाज करतात, ब्रेक लावला की थोडे वाकतात, डिझेल जास्त खातात, आणि ओल्या डांबरावर थांबायला साधारणपणे चांगल्या हायवे टायरपेक्षा जास्त अंतर घेतात. आमची गाडी वर्षातले चार महिने ओल्या डांबरावरच असते! आता आमच्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी बोलेरो आहे, ती रोज काळ्या मातीच्या गाडीवाटेने शेतात जाते. त्याने ऑल टेरेन घ्यावेत, मी स्वतः सांगेन. दादाने का घ्यावेत?

बरं, रुंदीचं काय? आमच्या गाडीचा साइज २३५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १७ इंची. गणित केलं तर पूर्ण चाकाचा व्यास ७३७ मिलिमीटर येतो. दादाला हवा होता २५५/६५ आर १७, त्याचा येतो ७६३. साडेतीन टक्क्यांचा फरक. म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या वर असेल. मडगार्डला घासला तर ते वेगळंच.

"पण रुंद टायरची ग्रिप जास्त!" हे दादाचं ब्रह्मास्त्र. इथे आमच्यातले हुशार लोक व्हायव्हातलं उत्तर देतील की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. चूक! रबराला ते पुस्तकी सूत्र नीट लागू पडत नाही. पण दादाचंही पूर्ण बरोबर नाही. जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ ढोबळमानाने ठरतं ते चाकावरच्या वजनाने आणि आतल्या हवेच्या दाबाने. माणसांसकट गाडी २३०० किलो धरा, एका चाकावर ५७५, हवा ३३ पीएसआय. उत्तर येतं साधारण २५० चौरस सेंटिमीटर. जर्नलच्या अर्ध्या पानाहूनही कमी! दाब तोच ठेवून रुंद टायर घातला तर हा ठसा मुख्यतः आकार बदलतो, आडवा आणि आखूड होतो. अशा चार अर्ध्या पानांवर माझी आजी कराडला जाते.

हवेचं म्हणाल तर तो विषय आपण फारच हलक्यात घेतो. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर काम करून एक सूत्र मांडलं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३३ पीएसआयला तो येतो ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास, २२ ला ७८. आमची गाडी चाळीसवर घसरली, म्हणजे ते तरंगणं नव्हतं, ते कडक झालेलं रबर होतं. पण एक्स्प्रेस वेवर पावसात शंभरने जाणाऱ्यांनी हे वर्गमूळ जरूर काढून बघावं.

आणि कमी हवेचं सगळ्यात महागडं उदाहरण एसयूव्हीचंच आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. नक्षीचा थर धावता धावता सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. अमेरिकी सरकारच्या नोंदीत २७० हून जास्त बळी आहेत. फोर्डने शिफारस केलेला दाब २६ पीएसआय होता, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवा. टायर वाईट की गाडी वाईट यावर दोघे भांडत राहिले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे तिकडे नव्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. लोक चिडले म्हणे. चिडू देत!

शेवटी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार सगळं बाबांकडे बघून बोलत होता, मी जणू सोबत आणलेली पिशवी. त्याने आधी एक 'स्पेशल डिस्काउंट'वाला सेट काढला. मी खाली बसून आकडे वाचले, तीन वर्षं जुना निघाला. "ताई, रबर आहे, दूध नाही नासायला," तो म्हणाला. दुसरा सेट काढला, तो ताजा होता पण लोड इंडेक्स ९८. म्हणजे एका टायरला ७५० किलो. आमच्या टायरवर १०४ आहे, म्हणजे ९००. गणपतीला आमच्या गाडीत किती माणसं बसतात ते मी इथे लिहीत नाही, आरटीओवाले वाचत असतील. मग त्याने बाबांचा मुद्दा उचलला, "दोनच घ्या साहेब, नवे पुढे टाकतो." इथे मात्र मी हटले नाही. दोनच घ्यायचे तर नवे मागे हवेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंगमध्ये ते निदान कळतं. मागची घसरली की गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी घाटात सावरणं बाबांनाच काय, कुणालाही कठीण. त्यावर तो हसला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "चारही टाका."

हायवे टेरेन, जुनाच साइज, १०४ एच, सात आठवड्यांपूर्वी बनलेले. एकोणचाळीस हजार झाले. (मला आधी एकोणपन्नास वाटलं. कॉन्व्हेंटची कृपा.) आणि बिल भरून दोन महिने होत नाहीत तोच सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नशीब, दुसरं काय!

दादाचं मत, गाडी आता 'काकांची' दिसते. आहेच ती काकांची. नव्या टायरवर आम्ही कुंभार्ली बऱ्याचदा चढलो-उतरलो, आजीला काहीही फरक जाणवलेला नाही. पण परवा मागे वाकून बघितलं तर स्टेपनीवर अजून ३११५ लिहिलेलं आहे. बाबांना दाखवलं. म्हणाले, "ती कुठे चालते? आणि नक्षी बघ, एकदम नवी आहे."