रिपोर्ट नॉर्मल आहेत, माणूस नाही

हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, शुगर ठीक. मुकुंदवाडी आणि सिडकोत दीड वर्ष मी डॉक्टर बदलत राहिलो. उत्तर एकच: "काही नाही, टेन्शन घेऊ नका." आठ तास झोपूनही अंग मोडलेलंच. कोडची पाचवी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरायची. एक दिवस जोर लावून काम केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात. अम्मी म्हणायची नजर लागली, दोस्त म्हणायचे आळस. शेवटी एका डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि आजाराला नाव दिलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणून बगच नाही, असं आमच्या कामात कुणी म्हणत नाही. शरीराबाबत मात्र सर्रास म्हणतात.

हा आजार दाखवणारी रक्ततपासणी अजून नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये दिलेले निकष रुग्णाच्या सांगण्यावरच उभे आहेत: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद घटलेली, श्रमानंतर त्रास वाढणं, झोपेनंतरही ताजंतवानं न वाटणं, सोबत विसराळूपणा किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास. ॲनिमिया, थायरॉईड, टीबी, नैराश्य तपासायलाच हवं. पण तपासणी तिथे संपत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न बायकांचा जास्त आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात सुमारे २,५०० स्त्रियांची पाहणी केली; ती २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. त्या सगळ्यांना हाच आजार होता असं नाही. पण त्यांच्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. कर्ज, भूक आणि मानसिक त्रासाशी आढळला. म्हणजे लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही. मी निदान लॅपटॉप घेऊन पडून काम करू शकतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या खालाला ती सोय नाही.

म्हणून दोन आठवडे डायरी ठेवा: काय केलं, त्रास कधी वाढला, किती दिवस टिकला. ती डॉक्टरांपुढे ठेवा. "व्यायाम वाढवा" हा सल्ला सरसकट मानू नका. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार नाकारला.

आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची, बसून नमाज पढण्याची मुभा आहे. तिथे कुणी लॅबचा रिपोर्ट मागत नाही. घराने आणि ऑफिसनेही तेवढा भरवसा ठेवावा.