सिंगर ६६ की ९९? टेप काढा!

गोधडी शिवायला जुनं काळं सिंगर मशीन घेताय? नुसत्या फोटोवर जाऊ नका. ६६ आणि ९९ ही मॉडेल्स फोटोत जुळ्या भावंडांसारखी दिसतात. दोन्हींत बॉबिन वरूनच बसवतात, तोही एकाच मापाचा. फरक आहे तो आकारात.

ज्या सपाट भागावर कापड सरकतं, त्याची लांबी विकणाऱ्याला मोजायला सांगा. लाकडी पेटी धरायची नाही. साधारण साडेचौदा इंच भरली तर ६६, बाराच्या आसपास भरली तर ९९.

९९ उचलायला सोपं, पण सुई आणि उजवीकडच्या खांबामधली जागा कमी. डबल बेडची गोधडी गुंडाळून तिथूनच सरकवायची असते! त्यासाठी ६६ बरं. बाळाची दुपटी शिवायची असतील, तर ९९ खुशाल घ्या.