'संपूर्ण कुटुंबासाठी' म्हणजे कुणाच्या कुटुंबासाठी?

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. तो जवळ आला, शाळांना सुट्ट्या लागल्या, की मुंबईतल्या कलासंग्रहालयांचे आगामी कार्यक्रम जाहीर व्हायला लागतात. नवे प्रदर्शन, चित्रकारासोबत दालनातून फेरफटका, मुलांसाठी मातीकाम आणि 'संपूर्ण कुटुंबासाठी' रविवारची कार्यशाळा. कल्याण पूर्वेच्या वस्तीत बसून आम्ही हे वाचतो तेव्हा एकच प्रश्न पडतो. हे कुटुंब नेमके कुणाचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासिकेतल्या काही मुलांना अशा एका कार्यशाळेला न्यायचे ठरवले. संग्रहालयाचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संग्रहालयाचा नाही. नोंदणी ऑनलाइन, अर्ज इंग्रजीत, शुल्क दर मुलामागे, आणि अट अशी की प्रत्येक मुलासोबत एक पालक हवा. आमच्या मुलांचे पालक रविवारी काय करतात? कुणाची आई डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते, तिला रविवारी पाहुण्यांमुळे जास्तच काम. कुणाचे वडील ठेकेदाराकडे सफाईला, कुणाचे मॉलमध्ये सिक्युरिटीला. रविवार हा सुट्टीचा दिवस असतो, हेच मुळी एका वर्गाचे गृहीतक आहे. दारावर 'जातीने वरचे असाल तरच या' अशी पाटी लावायची गरजच उरत नाही. अर्जातल्या चार रकाने ते काम गुपचूप करतात.

समाजशास्त्र शिकताना पिएर बोर्द्यू आणि आलँ दार्बेल यांचा १९६६ सालचा अभ्यास वाचला होता. युरोपातल्या कलासंग्रहालयांना कोण भेट देते, हे त्यांनी तपासले. निष्कर्ष साधा होता. तिकीट स्वस्त केल्याने अडसर जात नाही, कारण खरा अडसर शिक्षणाचा आणि घरच्या वळणाचा असतो. ज्याला लहानपणापासून सवय लागली, त्याला वाटते की कलेची आवड आपल्या रक्तातच आहे. ज्याला लागली नाही, तो स्वतःलाच दोष देतो, 'आपल्याला त्यातलं काय कळतंय?' फ्रान्समध्ये हे वर्गाचे दुखणे होते. आपल्याकडे त्यात जात मिसळली की ते किती पक्के होते, ते वेगळे सांगायला नको.

पण आज आम्हाला फक्त संग्रहालयवाल्यांशी भांडायचे नाही. आधी आपल्याच लोकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. हा विषय काढला की चळवळीतले जाणते कार्यकर्ते म्हणतात, "शिष्यवृत्ती अडकली आहे, अत्याचार वाढलेत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही चित्रं बघायला निघालात!" आक्षेप खोटा नाही. ज्या घरात महिनाअखेरीला गॅस संपतो, तिथे प्रदर्शनाची गोष्ट चैनीचीच वाटणार. पण या आक्षेपात आपण शत्रूचेच म्हणणे मान्य करतो, की कला ही त्यांची आणि पोट एवढेच आपले.

इतिहास काय सांगतो? कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख बघा. तिथे दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक वारंवार भेटतात. कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, कल्याणच्या लोहाराने वाट बांधून दिली. राजे-सावकारांच्या बरोबरीने हातावर काम करणाऱ्यांनी ती लेणी उभी केली आणि दगडात आपली नावे कोरून ठेवली. आज त्याच कल्याणच्या कारागिराचा आणि कामगाराचा नातू म्हणतो, लेणी-बिणी आपलं काम नाही!

सोपारा घ्या. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. आत दगडी करंडक निघाला, त्यात बुद्धमूर्ती होत्या, सोन्याची फुले होती. पुढे १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला. तो आज फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नववा लेख काय सांगतो? लग्न, बाळंतपण, आजारपण यांत लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांबद्दल संयम, दान. आता सांगा, बौद्ध कुटुंबाने रविवारी मुलांना घेऊन जावे असा याहून मोठा 'कौटुंबिक कार्यक्रम' कोणता? त्याच संग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या भाजल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या?

आता भायखळ्याला उतरू. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते मुंबई महानगरपालिकेचे, म्हणजे जनतेचे. राणीच्या बागेच्या आवारातच ते आहे. आपली कुटुंबे कल्याण-ठाण्याहून लोकल पकडून पेंग्विन बघायला येतात, रांगा लावतात, आणि शेजारची ती इमारत कुणा साहेबाचे ऑफिस समजून पुढे जातात. आत वसाहतकाळात घडवलेल्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत. जाती, जमाती, धंदे यांचे नमुने काचेत मांडलेले. इंग्रजांना रयत समजून घ्यायची होती, म्हणून माणसांचे असे 'प्रकार' केले गेले. आम्हाला या मूर्ती तिथून हलवायच्या नाहीत. त्यांच्यासमोर आपली मुले उभी करायची आहेत आणि विचारायला लावायचे आहे: आम्हाला कुणी मांडले? कुणी नाव दिले? आणि स्वतःला मांडायचा हक्क आम्हाला कधी मिळाला? हे संग्रहालय उघडल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. काचेतल्या माणसाने काच फोडली ती अशी.

आपले चित्रकार, छायाचित्रकार आता दालनांत पोहोचले आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यातले मडके आणि पाठीचा झाडू कॅनव्हासवर आणला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून दाखवले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा इतिहास रंगवतात. याचा अभिमान आहेच. पण दालनात भिंतीवर आपण आणि समोर बघणारे सगळे ते, ही कसली व्यवस्था? आपली वेदना त्यांच्या रविवार संध्याकाळचा विषय होणार आणि आपलीच मुले बाहेर राहणार, तर मातीच्या मूर्तींची काच नुसती बदलली म्हणायची.

आणि कला आपल्याकडे नव्हती असे कोण म्हणते? आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो लोक पुस्तकांसोबत बुद्ध-बाबासाहेबांची चित्रे विकत घेतात आणि पत्र्याच्या घरातसुद्धा मानाच्या जागी लावतात. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात हातात कुंचला घेतला होता. असे असताना आपल्या जयंतीचा मोठा खर्च डीजे आणि नेत्यांच्या चेहऱ्यांच्या बॅनरवर व्हावा, याची लाज कुणाला वाटायची?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे.

संग्रहालयांनी मराठीत नोंदणी आणि मराठीत माहिती द्यावी. वस्त्यांमधल्या अभ्यासिकांना, महापालिका शाळांना गटाने प्रवेश द्यावा आणि सोबत आलेला कार्यकर्ता किंवा शिक्षक हाच पालक मानावा. दलित कलावंतांना एप्रिलपुरते आठवू नये.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना तर जाब विचारलाच पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६ मधल्या ऐच्छिक कर्तव्यांत ग्रंथालये, संग्रहालये, कलादालने येतात. 'ऐच्छिक' आहे म्हणून इच्छाच होऊ नये, असे कायदा म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढ्या माणसांनी लेकराला कलासंग्रहालय दाखवायचे म्हटले की मुंबईचीच लोकल पकडायची? ठाण्यात कला भवन आहे, त्यात वस्तीतल्या मुलांसाठी महिन्यातला एक रविवार का नसावा? कल्याण पूर्वेत बाबासाहेबांच्या स्मारकासोबत ज्ञानकेंद्र उभे राहिले आहे. त्याची एक भिंत नव्या चित्रकारांसाठी कायमची राखून ठेवायला किती पैसे लागतात?

आणि शेवटी आपण. प्रत्येक बुद्ध विहाराने वर्षातून दोन सहली काढाव्यात, एक कान्हेरीला, एक संग्रहालयाला. आईबापांना सुट्टी नसेल तर विहारातल्या ताईदादांनी मुलांचा हात धरावा. परत आल्यावर मुलांनी जे पाहिले ते काढावे आणि ती चित्रे विहाराच्या भिंतीवर लावावीत. ते आपले पहिले प्रदर्शन. त्याला नोंदणी नको, शुल्क नको, आणि तिथे संपूर्ण कुटुंब म्हणजे संपूर्ण वस्ती.

चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नव्हतो, हे बाबासाहेबांना माहीत होते. प्रश्न पाण्याच्या चवीचा नव्हता, सार्वजनिक जागेवरच्या समान हक्काचा होता. संग्रहालयही सार्वजनिक जागाच आहे. तिथे पाहुणे म्हणून कशाला जायचे? मालक म्हणून जाऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!