सांगाड्याची थरथर
ज्या सोलापुरात जॅकार्ड मागावरील छिद्रांकित पुठ्ठ्यांची माळ धाग्यांना हुकूम बजावून चादरीवर नक्षी उमटवीत आली, तेथे एखाद्या हौशी कारागिराने संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे सीएनसी राउटर घरी उभारावे, हे परंपरेस धरूनच आहे. मात्र सागाच्या फळीवर कडेने लहरी उठू लागल्या की तो प्रथम मोटार बदलावयास धावतो, हा माझ्या मते द्रव्याचा निव्वळ अपव्यय होय. दोष बहुधा सांगाड्याचा असतो: केवळ टोकांना आधार असलेल्या गोल दांड्याचा वाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे घटतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या जागी १६ मिलिमीटरचा दांडा घातला तरी वाक एक तृतीयांशाहूनही कमी उरतो; मग जाड पाटावर लांबीभर आवळून बसविलेल्या लिनियर रेलची मातब्बरी काय सांगावी! वर्तुळ चेपलेले निघत असेल, तर तो स्क्रूच्या आट्यांतील ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, आणि त्यावर बॉलस्क्रू हा उतारा. परंतु दोन्ही रेल समांतर आहेत की नाहीत, हे नजरेच्या अदमासावर न सोपविता डायल गेज फिरवून पाहावे, अन्यथा उंची रेलसुद्धा जागोजागी अडखळते.