केक रंगीत हवा. पण रंग कोणता?

ईस्टर आला की वर्ध्यातील ख्रिस्ती कुटुंबांत केकची लगबग सुरू होते. ओव्हन नसले तरी अडत नाही. कुकरच्या तळाशी मीठ पसरायचे, शिटी काढायची आणि मंद आचेवर केक भाजायचा. मुले अंडी फेटतात, आजी भांड्याला तूप लावते. वाढदिवसामुळे हे दृश्य आता इतर घरांतही दिसते. सगळ्यांनी मिळून काही करावे, यासारखे सुख नाही. आमची तक्रार केकबद्दल नाही, त्यावर पडणाऱ्या रंगाबद्दल आहे.

परवा एका घरी केक चालला होता. मुलगी म्हणाली, "आई, अजून गुलाबी कर!" आईने पुडीतली आणखी एक चिमूट टाकली. पुडीवर ना नाव, ना परवाना क्रमांक.

आपल्या कायद्याने खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि केकसाठी मर्यादा आहे किलोला 100 मिलिग्रॅम. एवढा शुद्ध रंग चिमटीतही नीट धरता येत नाही. सुट्या पुडीत तर रंग कोणता, हेच कळत नाही. रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग 'बुढ्ढी के बाल'मध्ये सापडल्याने 2024 साली तामिळनाडूने त्या मिठाईवर बंदी घातली होती. पिवळ्या मेटॅनिल यलोलाही अन्नात परवानगी नाही.

परवानगी असलेले रंगही मुलांना सढळ हाताने देण्याजोगे नाहीत. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने 2007 साली काही रंग व सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण मुलांना देऊन पाहिले. काही मुलांत चंचलपणा वाढलेला दिसला. परिणाम फार मोठा नव्हता, सर्वांत सारखाही नव्हता. तरीही युरोपात 2010 पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांपैकी टारट्राझिनसह चार रंग आपल्याकडे चालतात.

मग केक पांढराफटक ठेवायचा का? मुळीच नाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अर्धा किलो केकला तिची पाव चमचा पूड पुरे. मात्र खाण्याचा सोडा जास्त झाला तर हळद लालसर होते. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर काय होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहेच. बीटाचा रंग भाजताना उडतो, म्हणून तो वरच्या थरासाठी ठेवावा. पिठीसाखरेत बीटाचा रस आणि लिंबाचे चार थेंब घातले की सुरेख गुलाबी रंग येतो. हिरव्यासाठी पालकाचा रस आहे. एप्रिलच्या आपल्या उन्हात मलई लवकर बिघडते, त्या दृष्टीनेही हा साखरेचा थर बरा. मात्र तो पातळच असावा आणि मधुमेही आजोबांच्या ताटलीत लहानशी फोडच पडावी.

हे रंग बाजारातल्यासारखे भडक होणार नाहीत, हे खरे. पण बीट किसताना लाल झालेले हात मुले एकमेकांना दाखवतील, आणि रंग कशापासून होतो हेही शिकतील. विकतचा रंग घ्यायचाच असेल तर परवाना क्रमांक व रंगाचे नाव छापलेली बाटली घ्यावी आणि थेंब मोजून टाकावेत. होळीच्या रंगीत गाठ्या मुलांच्या गळ्यात घालतानाही एवढी चौकशी करावी. सण दोन दिवसांचा असतो. मुलांची प्रकृती जन्माची असते.