कुलूपबंद फ्लॅट आणि जकातीचा हिशेब

यंदा रमजान आणि मार्चअखेर बरोबरच आले आहेत. एका हातात सीएसाठी प्राप्तिकराची फाईल, दुसऱ्या हातात मुफ्तीसाहेबांना दाखवायचा जकातीचा कागद, असे अनेकांचे चालले आहे. दोन्हीकडे अडचण होते ती गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेल्या दुसऱ्या फ्लॅटची. एजंटपाशी तो ‘इन्व्हेस्टमेंट’ असतो, करविवरणात ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ असतो आणि जकातीचा विषय निघाला की ‘मुलांसाठी घेतलाय’ होतो.

करकायद्याला हे चालते. २०१९ च्या बदलानंतर दोन घरे स्वतःच्या वापरातली मानली जातात, त्यांवर काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही. मालक तिथे का राहत नाही, हे विचारणेही २०२५ च्या अर्थसंकल्पाने सोडून दिले. कर येतो तो विक्रीनंतर आणि फक्त नफ्यावर. समजा, २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट या मार्चमध्ये ९० लाखांना विकला. जुलै २०२४ पासूनच्या साडेबारा टक्के दराने ५० लाखांच्या नफ्यावर सव्वासहा लाख कर होतो. मात्र २३ जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीसाठी निवासी व्यक्तींना जुन्या २० टक्क्यांच्या पद्धतीचा आधार आहे. महागाई निर्देशांक २०० वरून ३७६ झाल्याने खरेदीची किंमत ७५ लाख २० हजार धरली जाते आणि कर २ लाख ९६ हजारांवर येतो. उपकर वेगळा. नफा मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर तोही वाचू शकतो. थोडक्यात, फ्लॅट जितकी वर्षे बंद, तितकी वर्षे सरकार गप्प.

जकात गप्प बसत नाही. विकण्याच्या नियतीने घेतलेली जागा हा व्यापारी माल ठरतो. हिजरी वर्ष पूर्ण झाले की त्या दिवशीच्या बाजारभावावर अडीच टक्के. ९० लाखांवर सव्वादोन लाख, आणि तेही दरवर्षी. खरेदीची किंमत इथे उपयोगाची नाही, हे बरेच जण विसरतात. इमाम मालिक यांच्या मते भाव वाढण्याची वाट पाहत माल धरून ठेवणाऱ्याने विक्रीनंतर एकदाच जकात द्यावी. पण महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई, आणि या दोन्ही मजहबांत हिशेब वार्षिकच आहे. फरक पडतो तो कर्जाचा. हनफी मुफ्ती निदान चालू वर्षाचे देय हप्ते वजा करू देतात. शाफईंच्या प्रचलित मतानुसार कर्जामुळे जकात कमी होत नाही. म्हणजे सारखाच फ्लॅट, सारखेच कर्ज असूनही रत्नागिरीच्या आणि मालेगावच्या माणसाचा आकडा वेगळा निघेल. (ते कर्ज व्याजाचे, हा सल आहेच. व्याजमुक्त बँकिंगचा विचार रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवला.) हातात रोकड नसेल तर दरवर्षीची रक्कम लिहून ठेवून विक्रीनंतर फेडण्याची मुभा अनेक मुफ्ती देतात. ती रक्कम खरोखर लिहून ठेवणारे किती, हा प्रश्न वेगळा.

हाच फ्लॅट महिना २० हजारांनी भाड्याने दिला आणि विकायचा विचार मनातून खरोखर सोडला, तर जकात फक्त शिल्लक राहिलेल्या भाड्यावर. वर्षाचे २ लाख ४० हजार पूर्ण शिल्लक राहिले तरी सहा हजार. प्राप्तिकरातही भाड्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मालकाला धास्ती असते ती भाडेकरू जागा सोडणार नाही याची. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा आहे, आणि मुदतीच्या नोंदणीकृत करारावर जागा परत मिळवण्याची सोयही त्यात आहे.

२०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद होते. त्याच मुंबईत मुसलमान कुटुंब भाड्याचे घर शोधायला निघते तेव्हा आडनाव ऐकून एजंटचा फोन बंद होतो. त्या रिकाम्या घरांपैकी काहींच्या किल्ल्या तरावीहच्या सफेतल्याच कुणाच्या तरी खिशात असतात.