विश्लेषण : ‘केमिकलचा आंबा’ म्हणजे नेमके कोणते केमिकल?

हापूसचा हंगाम आला की ‘केमिकलने पिकवलेला आंबा’ असा मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्यातून देवगडलगतच्या जामसंडे येथील बागायतदाराच्या पेटीवरही संशय घेतला जातो. मात्र या एका शब्दात दोन वेगळी रसायने एकत्र केली जातात. इथिलीन आणि कॅल्शियम कार्बाइड.

इथिलीन हा कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असलेला साधा सेंद्रिय वायू. जगात सर्वाधिक तयार होणाऱ्या सेंद्रिय रसायनांपैकी हे एक. पॉलिथिन, पीव्हीसी पाइप, पॉलिस्टरचे कापड, गाडीतील कूलंट या साऱ्यांच्या मुळाशी तेच असते. कोकणातच, रायगडमधील नागोठणे येथे, नैसर्गिक वायूतील घटकांपासून ते बनवणारा मोठा प्रकल्प आहे.

गंमत अशी की हाच वायू आंबा स्वतःही तयार करतो. पिकणारे सफरचंद इथिलीन सोडते, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दाखवले. कोकणातल्या आढीत त्याआधीपासून तेच घडत होते. गवताच्या थरांत ऊब टिकते, वायू कोंडला जातो आणि एक फळ दुसऱ्याला पिकवते. रायपनिंग चेंबरमध्ये हेच काम बाहेरून सोडलेले इथिलीन करते. कायद्याने त्याला हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे.

कार्बाइडचे तसे नाही. तो वेल्डिंगच्या कामाचा दगड. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो. तो इथिलीनची नक्कल करतो, साल पिवळी करतो. पण औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणूनच फळे पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे.

पेटीत पुडी सापडली म्हणजे कार्बाइडच, असेही नाही. इथेफॉनच्या पुडीतून इथिलीनच बाहेर पडते. अट एवढीच, की पुडीतील भुकटीचा फळाला स्पर्श होता कामा नये. इथेफॉनच्या पाण्यात आंबे बुडवून काढणे मात्र नियमबाह्य आहे. सगळ्यालाच ‘केमिकल’ म्हटले की नियम पाळणारा आणि मोडणारा एकाच रांगेत उभे राहतात. त्यात फावते ते मोडणाऱ्याचे.

अर्थात इथिलीन काही जादू करत नाही. ते फळात आधीच साठलेल्या पिष्टाची साखर होण्याला चालना देते. नसलेले पिष्ट आणू शकत नाही. म्हणून चौदा आणे तयार झालेलाच आंबा उतरवावा, असे जुने बागायतदार सांगतात. सुरुवातीच्या चढ्या भावासाठी कोवळा उतरवलेला आंबा आढीत घाला वा चेंबरमध्ये, आंबटच राहणार. आणि ग्राहक दोष देणार तो केमिकलला. पेटीवर गावाचे नाव ठळक असते. आंबा किती आणे तयार असताना उतरवला आणि कशाने पिकवला, हे सहसा लिहिलेले नसते.